अर्धा इंच माया

आमच्या गल्लीच्या मधोमध गटाराचं एक चेंबर आहे आणि ते वर्षातले दहा महिने तुंबलेलं असतं. गेल्या वर्षी सासूबाई समोरच्या दारी राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे निघाल्या, त्या पाण्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. हाड जुळलं, पाणी हटेना. तेव्हापासून दोघी बहिणी आपापल्या खिडकीतून ओरडून बोलतात, आणि आमच्या घरातली खडान्‌खडा माहिती अख्ख्या गल्लीला असते.

आमच्या नगरसेवकाला आम्ही 'लवकरच' म्हणतो. चेंबरचं काय झालं विचारलं की त्याचं हेच उत्तर. मागच्या निवडणुकीत गल्लीने एकजात त्याच्या विरोधात मतं दिली आणि तो एकोणीस मतांनी कसाबसा वाचला. माणूस मठ्ठ असेल, पण एकोणीसपर्यंत त्याला मोजता येतं. यंदा प्रभागांच्या हद्दी नव्याने आखल्या, तेव्हा रेष नेमकी आमच्या गल्लीतून, चेंबरवरून गेली. डावीकडची घरं प्रभाग सातमध्ये, उजवीकडची आठमध्ये. म्हणजे चेंबर कुणाचंच नाही.

नागरिकांनी सात दिवसांत हरकती नोंदवाव्यात, अशी नोटीस लागली. लागली ती कचेरीच्या जिन्याखाली, पाण्याच्या पिंपामागे, आणि त्या सातातले चार दिवस कचेरी बंद. पाचव्या दिवशी मी गेले. कारकून म्हणाला, "तोंडी हरकत चालत नाही, बाई. हद्द कशी हवी त्याचा नकाशा जोडा. ह्याच मापाचा."

त्याला वाटलं, ब्याद टळली.

मी पंचवीस वर्षं शिवणकाम करते. नकाशा मला वाचता येत नाही, पण कापड कुणी कुठे चोरलंय ते एका नजरेत कळतं. पिंप सरकवलं, नकाशावर बटर पेपर ठेवला आणि रेष न रेष उतरवून घेतली. घरी कटिंगच्या टेबलावर नवा प्रभाग बेतला. त्यात अख्खी गल्ली, मागच्या दोन गल्ल्या, आणि 'लवकरच'ची वसाहत मात्र भिंतीसकट बाहेर.

"कोपऱ्यावरच्या न्हाव्याला घे गं, तो आपला आहे," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या.

"कसला आपला! साधी ओळखसुद्धा देत नाही," समोरून मावशी ओरडल्या.

न्हाव्याला घेतलं. त्याचं मतच घ्यायचं होतं, त्याला मुलगी द्यायची नव्हती.

सुनावणीत प्रत्येकाला दोन मिनिटं होती. माझ्याआधी एक निवृत्त मास्तर उभे राहिले. त्यांनी लोकशाही म्हणजे काय इथून सुरुवात केली आणि मुद्द्यावर यायच्या आत त्यांना बसवलं. मी नुसता कागद पसरला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांचे डोळे चमकले. नागरिकांची किमान एक सूचना मान्य केली, असं त्यांना अहवालात दाखवायचं होतं आणि इथे आयता नकाशा समोर आला होता.

"वा, हे जसंच्या तसं घ्या," साहेब म्हणाले. मी तरंगतच घरी आले आणि दोघी म्हाताऱ्यांना खिडकीतच पेढा भरवायचा तेवढा बाकी ठेवला.

शेवटचा नकाशा लागला तेव्हा पुन्हा पिंप सरकवलं. 'लवकरच'ची वसाहत आत होती. सगळीच्या सगळी.

आम्ही कापडावर दोन रेषा मारतो. शिलाईची तुटक, आणि तिच्या बाहेर अर्ध्या इंचावर कापायची ठळक. मधली जागा म्हणजे माया. ती सोडली नाही तर कपडा आवळतो आणि शिवण टिकत नाही. माझा हात कुठल्याही कागदावर ती आपोआप सोडतो, इथेही सोडली होती. हे सांगावं लागेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. कचेरीने ठळक रेषच हद्द धरली. त्या अर्ध्या इंचात 'लवकरच'ची नऊशे मतं बसली. गल्ली एकसंध झाली आणि नऊशेंत बुडाली. तिथेच पिंपाला टेकून मी रडले.

तो चारशेंनी निवडून आला. पुष्पगुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन थेट माझ्या दारात.

"नागरिकांचा सहभाग असावा तर असा, ताई!"

"आणि चेंबर?" सासूबाईंनी खिडकीतून विचारलं.

"लवकरच, आजी." मग माझ्याकडे वळून त्याने कापड पुढे केलं. "शपथविधीचा कोट शिवायचाय. थोडी माया ठेवा हं, पोट सुटतंय."

कोट मी नेमका शिलाईच्या रेषेवर कापला. एका दोऱ्याचीही माया ठेवली नाही. शपथेला त्याने हात वर केला तेव्हा कोट काखेपासून खिशापर्यंत उसवला, असं फोटोग्राफर सांगत होता. आता तो दुरुस्तीला माझ्याकडेच पडलाय. कधी मिळेल म्हणून रोज माणूस येतो, आणि मी काही बोलायच्या आत दोन्ही खिडक्यांतून दोघी बहिणी एका सुरात त्याला उत्तर देतात.

मधे पाणी आहे तसंच आहे.