पटलं नाही, असं एक वाक्य

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे अर्थमास्तर म्हणत. इंग्रजी शब्द हाती लागला की त्याची सालं काढल्याशिवाय मास्तरांना घास गोड लागत नसे. पण 'डिसअ‍ॅग्री' या साध्यासुध्या शब्दानं मास्तरांचीच सालं काढली.

तसं पाहिलं तर त्यात अवघड ते काय? मत पटत नाही, दोन साक्षी जुळत नाहीत, दूध मानवत नाही. तिन्ही ठिकाणी इंग्रजांचं या एका शब्दावर भागतं. आपल्याला तीन क्रियापदं लागतात, तर लागू देत, आपल्याकडे काय तोटा आहे? मास्तरांनी तिन्ही अर्थ लिहिले. पहिल्यापुढे 'असहमती बोलून दाखवणे' असं ठणकावून लिहिलं आणि उभं राहून वाचलं. कचेरीची रीतच तशी. अर्थ मोठ्यानं वाचायचा, जरा थांबायचं, कुणी तोंड उघडलं नाही तर तो सगळ्यांना मान्य. मास्तरांना ही रीत इतकी आवडायची, की घरीही ते जेवताना आपला निर्णय असाच सांगत, जरा थांबत आणि भाजी वाढून घेत.

त्या दिवशी धाकट्या संपादक बाईंनी तोंड उघडलं.

"बोलून दाखवणे कशाला? पटलं नाही आणि माणूस गप्प बसला, तरी तो डिसअ‍ॅग्री करतोच की."

"गप्प बसला तर कळणार कुणाला?"

"कळलं नाही म्हणजे नव्हतंच का?"

मास्तर बसले. दुपारभर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पटत नाही ही मनातली गोष्ट की तोंडातली? डोकं नुसतं भणभणायला लागलं. शेवटी बाईंनाच दया आली. "उद्या रोजच्या वापरातलं एखादं वाक्य आणा," त्या म्हणाल्या, "त्यावरून ठरवू."

रोजच्या वापरातलं म्हणजे घरातलं. मास्तर घरी आले तेव्हा बायको अर्धवट भरलेल्या खोक्यांमध्ये बसून चादरींच्या घड्या घालत होती. घर विकून मुलाकडे राहायला जायचं ठरलं होतं. घेणारा एक दातांचा डॉक्टर होता, आणि आज संध्याकाळी त्याला फोनवर पक्का होकार द्यायचा होता.

"अगं, माझं म्हणणं तुला पटलं नाही, असा एखादा प्रसंग सांग बरं. कोशासाठी हवाय."

"कुठला सांगू?"

"कुठलाही. असला तर."

"पोरीला वसतिगृहात धाडलंत, ते. माझा शिवणाचा क्लास बंद करायला लावलात, तो. स्वयंपाकघरातली खिडकी बुजवलीत, ती. हे टोक धरा जरा." तिनं चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "अजून हवेत?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "पण तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही सांगत होता. विचारत कुठे होता?"

"सांगून झाल्यावर मी थांबायचो की."

"ते थांबणं होय? मला वाटायचं, घास चावताय."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. जन्मभर ज्याला दोघांचा संसार म्हटलं, तो आपला एकट्याचाच कारभार होता की काय? ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं वाटून त्यांना तिचाच राग आला, आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली. चादर हातात धरूनच त्यांनी विचारलं, "आणि हे घर विकायचं? हे तरी पटलंय ना तुला?"

ती खोक्यावर टेकली.

"मला काही सुचत नाही हो," ती म्हणाली. "नको म्हणावं, तर लेकाकडे जायला जीव ओढतोय. हो म्हणावं, तर हा हो माझा की तुमचाच, ते समजत नाही. आता ऐन वेळी कुठून आणू मी मत?"

तेवढ्यात फोन वाजला.

"काय मग, पक्कं ना?" दातांच्या डॉक्टरनं विचारलं.

"अजून नाही."

"अहो, पण तुमचं तर ठरलं होतं."

"माझं ठरलं होतं," मास्तर म्हणाले. "हिला आज विचारलं."

"मग त्यांचं काय म्हणणं? नको म्हणतात का?"

मास्तरांच्या जिभेवर उत्तर आलं होतं. काय उत्तर होतं ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. त्यांनी ते गिळलं आणि फोन बायकोपुढे धरला. तिनं आधी नकारार्थी मान हलवली, मग पदराला हात पुसून तो घेतला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. पुढे काय बोलावं ते तिला सुचेना. पण मास्तरांनी हात पुढे केला तेव्हा तिनं फोन काही परत दिला नाही.