मंडळीने ऐकलेली प्रार्थना

माझी खासगी प्रार्थना त्या रविवारी एकशे चाळीस माणसांनी ऐकली. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

कमरेचे हाड मोडल्यापासून सात महिने मी अंथरुणाला खिळले होते. त्याआधी एकेचाळीस वर्षे उपासनेच्या वेळी चर्चच्या दाराशी मी उभी असे. कोण आले नाही, हे पाहायला मला वही लागत नसे. सोमवारी त्या माणसाचे दार मी वाजवलेच म्हणून समजावे. "पाय शाबूत आहेत ना? मग प्रभूच्या घरी यायला काय झालं?" सबबी मी ऐकून घेत नसे. मंडळीत मला 'मोठ्या बाई' म्हणत. पाठीमागे आणखी काही म्हणत असतील, त्याची मी पर्वा केली नाही.

आता मीच गैरहजर होते. सून दर रविवारी आपला फोन पहिल्या बाकावर माझ्या जागी ठेवी आणि मी घरून उपासना ऐके. ऐके, एवढेच. आत काही हलत नसे. मी जन्मभर शिकवले त्याप्रमाणे प्रभू तिथे होता, आणि मी इथे, औषधांच्या बाटल्या आणि चालायच्या लोखंडी चौकटीपाशी. हे बोलायचे कोणापाशी? मोठ्या बाईंनी डगमगायचे नसते.

त्या रविवारी आवाज खरखरत होता, म्हणून सुनेने फोन चर्चच्या वायरमनच्या हवाली केला. मला स्वच्छ ऐकू यावे म्हणून त्याने तो अँप्लिफायरला जोडला. तार मात्र अशी लागली की माझे बोलणेही चारही स्पीकरमधून जाऊ लागले. हे त्याला ठाऊक नव्हते. मला तर नव्हतेच.

पाळकांनी मूक प्रार्थनेसाठी दोन मिनिटे दिली. घरात कोणी नव्हते, म्हणून मी मोठ्याने बोलले. प्रभूपाशी पुटपुटणे मला कधी जमले नाही.

"प्रभू, सात महिने झाले, तुझी चाहूल नाही. जो येत नाही त्याला तू विसरतोस, असं मी घरोघर सांगत फिरले. खरं सांग, मला विसरलास का? आणि त्या शिवणवालीच्या दारात मी तिला नाही नाही ते बोलले. आई अंथरुणावर होती तिची. मी चुकले असेन तर... चुकलेच."

फोनमध्ये कोणीतरी खाकरले. मग सुनेचा घाबरा आवाज आला, "आई, थांबा. सगळ्यांना ऐकू येतंय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, आई."

फोन बंद करायचे सुचलेच नाही. "त्या वायरमनला समोर उभा करा!" मी ओरडले. तेही सगळीकडे घुमले.

"मोठ्या बाई, मी घरी गेलोय," वायरमन म्हणाला. कोणीतरी फिसकन हसले.

मग एक शांत आवाज जवळ आला. "मोठ्या बाई, मी शिवणवाली."

"बोल," मी म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

"त्या दिवशी तुम्ही दारात मला झापत होतात ना, तेव्हा प्रभू आतच होता. आईच्या खाटेपाशी. दोन वर्षं होता. मशीन चालवता चालवता मी त्याच्याशी बोलायची, एकटीच हसायची. आईला वाटायचं, पोरगी गेली कामातून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

तिकडे हशा पिकला. ज्याच्या घरी चल म्हणून मी तिच्यावर डाफरत होते, तो माझ्यापासून चार पावलांवर होता आणि मी आत डोकावलेही नव्हते.

तेवढ्यात माझ्या खोलीत कोणीतरी हसले. दचकून मी चहूकडे पाहिले. हसणारी मीच होते. हसू आवरेना, डोळे वाहू लागले, आणि खोलीत एकटी आहे असे काही केल्या वाटेना.

"बाई, तार काढू का?" वायरमनने चाचरत विचारले.

"हात लावलास तर बघ! पाळकसाहेब, तुमची दोन मिनिटं केव्हाच संपली. गीत घ्या."

कोणी सुरू करीना, म्हणून मीच केले. आवाज फाटका निघाला, सूर भलताच खाली लागला, आणि सगळी मंडळी मुकाट्याने माझ्या पट्टीवर उतरली.