गार टाक्यांची जाकिटं

वीज वाचवायला इमारतीतल्या प्रत्येकाने आपल्या गिझरला बाहेरून जाडजूड जाकीट चढवलंच पाहिजे, असा हुकूम चेअरमननी काढला आणि सिस्टरबाईंचं डोकं फिरलं. नर्सची नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती, पण वॉर्डातला आवाज तसाच होता.

त्या तडक न्हाणीघरात गेल्या. नळाला कढत पाणी, पण टाकीला बाहेरून हात लावला तर गार. नव्या टाकीच्या पत्र्याआड मुळातच फोम भरलेला असतो. त्यावर आणखी रजई कशाला?

"ऊब बाहेर येतच नाही, तर अडवायची काय?" त्यांनी सभेत विचारलं.

"हात लावून कळतं होय?" चेअरमन हसले. "शास्त्र आहे ते, बाई."

"तीस वर्षं नोकरीत आधी हाताने ताप पाहिला, मग थर्मामीटर लावला. फार क्वचित चुकले."

खसखस पिकली, पण ठराव झालाच. जाकिटं विकणारा चेअरमनचा सख्खा मेहुणा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

दुसऱ्या दिवशी सिस्टरबाई दारोदार फिरल्या. एकूण एक टाकी गार. फक्त तळमजल्यावरच्या शिंपीकाकांची वीस वर्षांची टाकी हाताला चांगली गरम लागली.

"काका, हिला मात्र जाकीट खरंच हवं."

"आणि मलाच मिळत नाही," काका म्हणाले. "एवढ्या जुन्या टाकीचं माप नाही म्हणतात!"

सिस्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना नको त्यांच्या गळ्यात मारायचं, आणि ज्याला हवं त्याला वाऱ्यावर सोडायचं! त्या दोन-दोन पायऱ्या चढत चेअरमनच्या दारात पोचल्या. दार उघडताच न्हाणीघरातून वायर करपल्याचा वास आला.

"मेन स्विच बंद करा आधी!"

चेअरमननी धावत जाऊन तो बंद केला. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने चेअरमनच्या गिझरचं नवंकोरं जाकीट सोडवलं, तर आत थर्मोस्टॅटचं झाकण आणि वायरींची जोडणीही गच्च गुंडाळलेली. कोंडलेल्या उष्णतेने एक वायर मऊ पडून काळवंडली होती.

"मेहुणा म्हणाला, सगळं झाकलं की जास्त फायदा," चेअरमन पुटपुटले.

"आणि तुम्ही ते आमच्या सगळ्यांच्या घरात लावायला निघालात! लहान लेकरं आहेत या इमारतीत!"

ठराव मागे घेतला गेला. फलकावर चिठ्ठी लागली: 'तांत्रिक कारणास्तव.' ती वाचून सिस्टरबाई आणखीच भडकल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून उष्णता अडवणारी चंदेरी शीट आणली. काकांनी माप घेऊन ती बेतली आणि शिवली. इलेक्ट्रिशियनने सांगितलं तशी झाकण, वायरी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांची जागा उघडी ठेवली. आता सकाळी तापवलेलं पाणी दुपारी काकूंना भांडी घासायला कोमट मिळतं. गार पाण्याने त्यांची बोटं आखडायची, ती आता आखडत नाहीत.

माफी मात्र कुणी मागितलेली नाही. जिन्यात चेअरमन भेटले की सिस्टरबाई आजही वाट अडवतात आणि विचारतात, "कधी मागताय?"