घोसाळ्याची झाडं

मुंगीने चिमट्यात इवलंसं झाड धरलं, त्याच्या तारेच्या टोकाला गोंदाचा ठिपका लावला आणि ते उद्यानाच्या कोपऱ्यात हलकेच टेकवलं. तेवढी एकच जागा उघडी राहिली होती. सभागृहाचं दार उघडायला अजून अवकाश होता. शिपाई खुर्च्या पुसत होता, आणि पलीकडच्या टेबलावर कारकून ‘हरकती व सूचना’ ही पाटी डुगडुगू नये म्हणून तिच्याखाली कागदाची घडी सरकवत होता.

दोन पलंग जोडून ठेवावेत एवढं मोठं ते शहर होतं. नदी, पूल, बाजार, अजून न झालेले रुंद रस्ते. नगरपालिकेने नवा आराखडा लोकांपुढे ठेवला होता. नुसता नकाशा कुणाला उमगत नाही, म्हणून नगररचनाकार साहेबांनी मुंगीकडून त्याची ही प्रतिकृती करून घेतली होती. लोकांनी पाहावं आणि कुणाचं काही म्हणणं असेल तर मुदतीच्या आत लेखी द्यावं, असा कायदा. मुदत उद्या संध्याकाळी संपत होती. त्यानंतर आलेला कागद कारकून हातात घेणार नव्हता.

मुंगी हे नाव आत्याने ठेवलेलं. लहानपणी ती काड्यापेट्यांची घरं करत एका जागी तासन्तास बसायची, म्हणून. आई गेल्यावर तिला आत्यानेच वाढवलं होतं, पाण्याच्या टाकीपुढच्या बोळातल्या दोन खोल्यांत. दारावर घोसाळ्याचा वेल होता. वेलावर जून झालेली घोसाळी आत्या वाळवून ठेवायची आणि मुंगी त्यांची जाळी हिरव्या रंगात बुडवून, कातरून झाडं करायची. या धंद्यातले बाकीचे स्पंज वापरतात. मुंगीची झाडं बघून मात्र लोक विचारत, ही कशाची?

उद्यान त्या बोळावरच होतं.

नकाशा हातात आला तेव्हाच तिने ते पाहिलं होतं. साहेबांना विचारलंही होतं, इथे तर माणसं राहतात ना? साहेब शांतपणे म्हणाले होते की माणसं आज राहतात, आराखडा पुढचा आहे. कुणाला पटलं नाही तर ते हरकत घेतीलच, त्यासाठीच तर हे मांडायचं. त्यात खोटं काही नव्हतं. तिने प्रतिकृतीच्या लाकडी पाटावर बोळातली घरं सवयीने पेन्सिलीने आखली, त्यावर हिरवळ पसरली, मग झाडं लावली. आत्याच्या घरावर सगळ्यात दाट. आत्याला आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता प्रदर्शनाचा दिवस उजाडला होता.

आत्या न सांगता आली, दुपारी. गुडघ्यामुळे तिला पायऱ्या चढवत नाहीत; मुंगी धावत गेली आणि हात दिला. आत्या ठेवणीतली शाल घेऊन आली होती. आत शिरल्या शिरल्या तिने ते शहर पाहिलं आणि जागीच थांबली. मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना सांगू लागली. त्या बाईंनी काही विचारलंही नव्हतं.

“हे सगळं माझ्या भाचीने केलंय. एकटीने. लहानपणी माझ्या घरात काडेपेटी म्हणून शिल्लक ठेवली नाही हिने.”

बाई हसल्या. साहेब जवळच होते, तेही हसले आणि म्हणाले, “मग खरं श्रेय तुमचं, आजी.” आत्याने लाजून शाल सावरली. पुढे जो कुणी जवळ येईल आणि नुसतं “छान आहे” म्हणेल, त्याला ती तेच सांगत राहिली. मुंगी तिच्या मागे मागे फिरत होती, चिमटा मुठीत धरून.

“आता आपलं घर दाखव गं,” आत्या म्हणाली. “मघापासून शोधतेय. नजर गेली बघ माझी.”

साहेब ऐकत होते. त्या अनोळखी बाईही वाकून पाहू लागल्या. आत्याचा चेहरा इतका उजळलेला होता की मुंगीला तिकडे बघवेना. तिने बोट पुढे केलं. ते टाकीच्या पलीकडे गेलं, लाल कौलांच्या एका ओळीवर, आणि तिसऱ्या घरावर थांबलं.

“हे.”

आत्या खाली वाकली. बराच वेळ बघत राहिली.

“टाकी आपल्या मागे ना गं?”

“वरून बघतेस ना, आत्या. वरून सगळं वेगळं दिसतं.”

“हो, तेही खरंच,” आत्या म्हणाली. “कौलं मात्र नवी घातलीस हो माझ्या घराला. देव तुझं भलं करो.” जाताना पायरीवर मुंगीचा हात धरून तिने आठवण केली की यंदाची घोसाळी टांगून ठेवली आहेत, सवडीने घेऊन जा.

संध्याकाळी मुंगीने आपल्या वेगळ्या बिऱ्हाडी दिवा लावला. आत्याचा एक नेम होता, तिनेच तो मुंगीला लावला होता: दिवा लावल्यावर हात जोडायचे आणि आपलं आपल्यालाच विचारायचं, आज आपल्याकडून कुणाचं वाईट झालं का? आजवर हा नेम चुकला नव्हता. त्या दिवशी तिने हात जोडले, आणि विचारलं मात्र काहीच नाही. नीट जळत असलेली वात उगाचच पुढे सारली.

दुसऱ्या दिवशी कारकून टेबल आवरण्याच्या बेतात होता. दिवसभरात फार कुणी आलं नव्हतं; हा आपला आळस देत शिपायाला सांगत होता की लोकांना काही पडलेली नसते, नंतर मात्र बोंब मारतात. तेवढ्यात जिन्यावर पुष्कळ पावलं वाजली आणि आत्याचा आवाज आला.

“या, या. लाजता काय, आपलीच मुलगी आहे.”

बोळातली माणसं होती. शिंपीकाका, वायरमन, त्याची बायको कडेवर मूल घेऊन, आणि मागे आणखी पाचसहा जण. सगळे हात मागे बांधून चालत होते, काचेच्या दुकानात आल्यासारखे. शिंपीकाका मुंगीला बघून म्हणाले, “माझं दुकान नीट दाखवलंयस ना? की लहानपणी तुझा फ्रॉक आखूड झाला त्याचा राग काढलास?” सगळे हसले.

मग वायरमनने सांगितलं. काहीतरी होणार अशी कुणकुण बोळात लागलेली होती. म्हणून सगळ्यांनी मिळून हरकतीचा अर्ज लिहिला होता, सह्याही झाल्या होत्या. काल आत्या परतल्या आणि म्हणाल्या, घरं जागच्या जागी आहेत, भाचीने स्वतः बोट ठेवून दाखवलं. मग कशाला उगाच साहेबांशी वाकडं घ्यायचं? अर्ज फाडून टाकला.

“तिचा शब्द म्हणजे माझा शब्द,” आत्या म्हणाली. “दाखव गं यांना एकेकाचं घर.”

कारकुनाने पाटीखालची कागदाची घडी काढून घेतली. पाटी डुगडुगली.

मुंगीने शहराभोवती उभ्या राहिलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. शिंपीकाका चष्मा पुसत होते. वायरमनची बायको मुलाला नदी दाखवत होती. लाल कौलांची ओळ लहान होती. तिच्यात एवढी घरं मावली नसती. मावली असती, तरी.

तिने खिशातून चिमटा काढला, टाकीच्या अलीकडे वाकली आणि उद्यानातलं एक झाड उपटलं. मग दुसरं. तिसरं. गोंद ओला नव्हता. प्रत्येक झाडाबरोबर हिरवळीचा पापुद्रा निघत होता आणि खाली पेन्सिलीच्या रेघा दिसत होत्या. एक चौकोन, त्याला लागून दुसरा. चौथ्या चौकोनाशी शिंपीकाकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“हे माझं,” ते हळूच म्हणाले.

“हे तुमचं, काका,” मुंगी म्हणाली. “इथे बाग होणार आहे. सगळ्या बोळावर.”

वायरमन आधी भानावर आला. तो टेबलाकडे धावला आणि कारकुनाने उचललेली हरकतींची पेटी त्याने दोन्ही हातांनी खाली दाबून धरली. कारकून घड्याळाकडे बघून कुरकुरला, पण मुदत अजून संपली नव्हती हे त्यालाही दिसत होतं. त्याने कोरे कागद काढले. एकेकाने या, म्हणाला, नाव, पत्ता आणि हरकत काय ते लिहा.

आत्या अजून जागची हलली नव्हती. तिने काठावर पडलेलं एक झाड उचललं, दोन बोटांत चुरगळून पाहिलं. हिरव्या रंगाखालून जाळी दिसली.

“हे आपल्या वेलाचं.”

मुंगीने होकारार्थी मान हलवली.

“काल का गं...” आत्याने विचारायला सुरुवात केली, आणि वाक्य तसंच सोडलं. झाड तिने होतं तिथे ठेवून दिलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. शिंपीकाकांनी तिला पुढे व्हायला सांगितलं, गुडघा दुखेल म्हणाले. ती पुढे झाली नाही.

साहेब गडबड ऐकून आले, तेव्हा उद्यानाच्या जागी नुसता खरवडलेला पाट होता आणि भोवती झाडांचा कचरा.

“हे कुणी केलं?”

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण सभागृहात सगळ्यांना ऐकू गेला. मुंगी थांबली. कालपासून या प्रश्नाचं उत्तर, कुणी न विचारताही, आत्याच देत आली होती.

रांगेतली पाठमोरी शाल हलली नाही.

“मी केलं,” मुंगी म्हणाली.