निळ्या यानाचा शेवट

मा. दा. येळेकरांच्या नावाने बालाघाटात संमेलन भरवायचं, ही कल्पना तेजरामजी पटल्यांची. तेजरामजींचं कापडाचं दुकान. माणूस उत्साही, आणि उत्साही माणसाला गप्प बसवत नाही. येळेकर जन्मले लांजीत, चौथ्या वर्षी बापाबरोबर नागपूरला गेले आणि पुन्हा कधी इकडे फिरकले नाहीत. पण विज्ञानकथा लिहिणारा माणूस आपल्या मातीत जन्मला, एवढं आम्हाला पुरेसं होतं. ते वारले त्याच्या पुढच्या वर्षी, त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत, तेजरामजींनी वाचनालयाची वरची खोली मागून घेतली आणि कापडी फलक रंगवून घेतला : 'मातीकडे परतणारा लेखक'. मला तो फलक फार आवडला होता. आता आठवला की डोक्यात तिडीक जाते.

येळेकरांची 'निळं यान' ही कादंबरी छप्पन साली नागपूरच्या एका मासिकात दर महिन्याला थोडी थोडी येत होती. बालाघाटात त्या मासिकाचा एकच अंक यायचा, तो वाचनालयात. मग लांजी, खैरलांजी, बिरसा इथल्या वाचणाऱ्यांनी काय करायचं? म्हणून आमच्या वाचक मंडळात नक्कल करायची पद्धत पडली. ज्याचं अक्षर चांगलं त्याने प्रकरण वहीत उतरवायचं आणि ती वही बसने गावोगाव फिरायची. अक्षर चांगलं होतं पुनारामचं. तो जंगल खात्याच्या डेपोत मुंशी होता. सागाच्या ओंडक्यांचे नंबरसुद्धा मोत्यासारखे लिहायचा. हळूहळू असं झालं की अंक कोणी मागेचना. छापलेलं बाजूला राहिलं आणि पुनारामची वही तेवढी खरी ठरली. असली चूक आमच्याच लोकांनी करावी.

गोष्ट साधी होती. धानाच्या गावातला विश्वनाथ निळ्या यानात बसून दूरच्या ग्रहावर जातो. शेवटाला त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक परत पृथ्वीकडे, दुसरी आणखी पुढे, कोणी न पाहिलेल्या आकाशात. इंधन एकाच वाटेपुरतं. शेवटच्या प्रकरणात काय होतं याची मला जितकी घाई होती तितकी दुसऱ्या कोणाला नसेल, कारण त्या दिवसांत मीही तशीच दोन वाटांवर उभी होते.

मी एकवीस वर्षांची होते, मॅट्रिक झालेली. नागपूरहून मामांचं पत्र आलं होतं : लीलाला दिवाळीनंतर पाठवा, इंग्रजीची तयारी करून घेतो, जूनला कॉलेजात नाव घालतो, माझ्याकडे राहील. एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही मध्य प्रदेशात राहणार, हे ठरून गेलं होतं. मराठीत पुढे काही करायचं तर जायलाच हवं होतं. बाबा म्हणाले, "तूच ठरव माय. मी कायी म्हणत नाही." त्या काळात मुलीला असं म्हणणारा बाप मिळाला, हे माझं भाग्य.

पण मन पुनारामपाशीही अडकलं होतं, लपवून काय करू. तो शेजारच्या आळीत भाड्याने राहायचा. वही द्यायच्या निमित्ताने यायचा, उंबऱ्याशी उभा राहायचा आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचा. 'लीला, राह्य' एवढे दोन शब्द तो बोलला असता तर मी मामांना नाही कळवून मोकळी झाले असते. मी वाट पाहत होते. तो बोलला नाही.

ऑक्टोबरात बाबा, पुनाराम आणि वस्तीतले बरेच जण बौद्ध धम्माच्या दीक्षेसाठी नागपूरला गेले. आई तापाने पडली होती म्हणून मी घरी राहिले. परत आले तेव्हा सगळ्यांची चालच बदललेली होती, माना ताठ झाल्या होत्या. पुनाराम पांढऱ्या सदऱ्यात वेगळाच दिसत होता. आठ दिवसांनी त्याने वही आणून दिली. म्हणाला, "नागपुरात ओळखीच्याकडे नवा अंक भेटला. तेथीच बसून कच्ची नक्कल केली, अंक त्याले वापस देला. साफ लिहाले येळ लागला." वाचनालयात तो अंक आलाच नाही. राज्यं बदलायच्या गडबडीत कुठे राहिला कोण जाणे. वर्ष संपायच्या आत मासिकही बंद पडलं, आणि कादंबरी पुस्तकरूपाने कधी निघालीच नाही.

वहीत विश्वनाथ यान मागे वळवतो. पृथ्वीवर ऐंशी वर्षं उलटलेली असतात. गावाबाहेर दोन बुंध्यांच्या मोहाच्या झाडाखाली तो उतरतो. शेवटचं वाक्य असं होतं : 'मला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं, पण मी ज्याला ओळखत होतो ते सगळं जागच्या जागी होतं, आणि तेवढ्यासाठी माणसानं परत यावं.'

मी ते रात्रभर घोकलं आणि सकाळी मामांना लिहिलं, मी येत नाही. गोष्टीच्या शेवटावरून कोणी आयुष्य ठरवतं का, असं तुम्ही म्हणाल. तराजूची दोन्ही पारडी समान असली की चिमूटभर मीठही पुरतं. येळेकरांसारखा माणूस, सगळं आकाश हिंडून आलेला, तोच जर परत ये म्हणतो, तर मी कोण शहाणी?

पुढच्या मे महिन्यात पुनारामच्या थोरल्या भावाने मागणी घातली आणि आमचं लग्न झालं. मला हिंदी प्राथमिक शाळेत नोकरी लागली. मराठीत कविता करू पाहणारी मी, पंधरा वर्षं पोरांना हिंदी बाराखडी घोकवते आहे. माझ्या दोन्ही मुली आपसात हिंदी बोलतात आणि मी मराठी पुस्तक हातात दिलं की चार ओळींवर अडतात. पण मी कधी कुरकुर केली नाही. वाट मी स्वतः निवडली होती.

लग्नानंतर पुनारामच्या गावी गेले, खैरलांजीच्या पुढे. त्याच्या घरामागे दोन बुंध्यांचा मोह होता. मी थक्क झाले. "येळेकरांनी लहानपणी इथलंच पाहून लिहिलं असेल," म्हटलं आणि झाडाला हात जोडले. पुनाराम शेजारी उभा होता. "असंल," म्हणाला.

तर संमेलन. दुपारी तीनला साठेक माणसं जमली. नागपूरहून प्राध्यापक उरकुडे आले होते, गोंदियाहून छोट्या गाडीने हादरत. येळेकरांवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. त्या मासिकाच्या संपादकांच्या विधवा पत्नीकडून मिळवलेले सगळे अंक ते बांधून आणणार आहेत, ही खबर तेजरामजींनी आदल्या दिवशी घरी येऊन दिली होती. संमेलनाच्या दिवशी सकाळपासून पुनारामचं डोकं दुखत होतं. "आज नोको जाऊ," मला दोनदा म्हणाला. "तुमी पडून राहा, मी येते जाऊन," म्हटलं, तर तोही सदरा घालून निघाला.

मी 'निळं यान'चा शेवट वाचणार, हे मंडळात ठरलेलंच होतं. वही आता पिवळी पडली होती, पण मला तिची गरज नव्हती. तोंडपाठ होतं. मोहाच्या झाडापाशी आले तेव्हा मागच्या ओळीतल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. शेवटचं वाक्य म्हणून मी बसले. टाळ्या थांबेनात.

उरकुडे उठले. माणूस सभ्य होता, माझ्याकडे वळून हात जोडले. "बाई, फार सुंदर वाचलंत. पण सांगायला हवं. हा शेवट येळेकरांचा नाही." त्यांनी बांधीव अंक उघडला आणि वाचला. छापलेल्या पानावर विश्वनाथ यान पुढे नेतो. मागे वळूनही पाहत नाही. शेवटच्या ओळी अशा : 'गाव कोणाची वाट पाहत नसतं. वाट आपणच पाहत बसतो आणि तिला गावाचं नाव देतो.'

मी वहीकडे पाहिलं, मग पुनारामकडे. तो पहिल्या ओळीत बसला होता आणि पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरत होता. मला तिथेच सगळं समजलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"पुनारामजी, नक्कल तर तुमीच केली होती ना?" तेजरामजींनी विचारलं.

पुनाराम उठला. "शेवटचे पानं भिजले होते जी. अक्षर दिसे नाही. मंग मनानं लिहिलं."

मला वाटलं, आता लोक त्याला चार शब्द सुनावतील. निदान कोणी तरी विचारेल की सोळा वर्षं तोंडात काय धरलं होतं? पण उरकुड्यांचे डोळे चमकले. "मनानं? इतकं?" म्हणाले. "अहो, हा तर वाचकाने लेखकाला दिलेला जबाब आहे. मी हे नागपूरला छापतो." तेजरामजींना तेवढंच हवं होतं. "हमारे पुनारामजी तो छुपे रुस्तम निकले," म्हणत त्यांनी पाहुण्यांसाठी आणलेल्या शालींतली एक उचलली. शाल, नारळ, पुन्हा टाळ्या. ज्या बायांनी माझ्या वाचनावर डोळे पुसले होते त्याच आता त्याला वाकून पाहत होत्या. आणि पुनारामने शाल घेतली. नको म्हणाला नाही. मान खाली घालून का होईना, खांदे पुढे केले. त्याने खोटं लिहिलं याचा राग मला आला, पण त्या खाली घातलेल्या मानेचा आणि पुढे केलेल्या खांद्यांचा जास्त आला. माझं नागपूर गेलं होतं, आणि त्याचा इथे सत्कार चालला होता.

आभार मानायचं काम माझ्याकडेच होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय? मी प्राध्यापकांचे आभार मानले, तेजरामजींचे मानले, सतरंज्या देणाऱ्याचे मानले. पुनारामचं नाव घेतलं नाही. ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

घरी जाताना रेल्वेचं फाटक लागतं. ऊन उतरलं होतं. उरकुड्यांची परतीची गाडी यायची होती म्हणून फाटक बंद होतं. आम्ही दोघं सायकलवाल्यांच्या मागे उभे राहिलो. पुनारामने शाल घडी करून काखेत धरली होती.

"पानं भिजले होते?" मी विचारलं.

तो फाटकाकडे वळला. मग म्हणाला, "नाही. अंक म्या इकत घेतलता. वाचला अन् चैन पडे ना. मंग शेवटचे दोन पानं नवे लिहिले. अंक वैनगंगेत सोडून देला."

"काहून जी?"

"तू गेली असती."

"हौ. गेली असती," मी म्हटलं. "दीक्षेत खोटं बोलणार नाही म्हणून शपथ घेऊन आलते तुमी. आठ दिवस तरी थांबाचं. अन् मी त्या झाडाले हात जोडले. तुमी बाजूले उभे राहून पाह्यत होते."

"म्या तुले राह्य म्हटलं नाही कधी," तो हळूच म्हणाला. "जबरदस्ती नाही केली. लिहिलं फक्त."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राह्य म्हटलं नाही, हेच तो स्वतःच्या बाजूने सांगत होता. गाडी आली. छोटे डबे खडखडत गोंदियाच्या दिशेने जाऊ लागले. एका खिडकीत उरकुडे दिसले असं मला वाटलं, पण ते नसतीलही. मी डबे संपेपर्यंत पाहत राहिले.

"एक सांगशीन?" पुनाराम म्हणाला. गाडीच्या आवाजात त्याला जरा मोठ्याने बोलावं लागलं. "तवा म्या नुसतं म्हटलं असतं, लीला, राह्य, त राह्यली असती तू?"

मी त्याच्याकडे पाहिलं. सोळा वर्षं तो हा प्रश्न उराशी घेऊन फिरत होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. चष्म्याआडचे डोळे तेच, उंबऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पोराचे. हौ म्हटलं असतं तर त्याला सगळंच मिळालं असतं. शाल, नारळ आणि तेही.

"नाही," मी म्हटलं.

लग्नाला पंधरा वर्षं झाली. त्याच्याशी मी बोललेलं ते पहिलं खोटं. त्याने शाल या काखेतून त्या काखेत घेतली. फाटक उघडलं आणि आम्ही घराकडे चालू लागलो.