उझोचा शिक्का

श्रीशैलच्या बॅगेत ग्रीस देशातून आणलेली बाटली सापडली, तेव्हा त्याच्या आईने, साखराबाईंनी, झाकण उघडून हुंगली. बडीशेपेचा वास आला. पोटाचा अर्क समजून माउलीने तिच्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि लातूरच्या चंद्रप्पांना द्यायच्या फळांच्या ताटात ती ठेवून दिली. जहाजावर इंजिनियर असलेल्या श्रीशैलने ती विष्णुपुरीच्या मित्रासाठी आणली होती. त्याला ती दिसली तेव्हा ताट चंद्रप्पांच्या मांडीवर पोचलं होतं.

चंद्रप्पा म्हणजे मोंढ्यातले, धान्यबाजारातले आडते, गळ्यात इष्टलिंग, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. श्रीशैलचा जीव त्यांच्या मंजुश्रीत अडकलेला, तिचा त्याच्यात. बापाचा होकार तेवढा बाकी.

"पावणं, ह्यावर काय लिवलंय?"

"उझो," श्रीशैल म्हणाला. बाटलीत काय आहे ते सांगावं तर मंजुश्री हातची जाणार, म्हणून गड्याने नावाचीच गोष्ट लावली. "ग्रीसमधून रेशमाच्या कोशांच्या पेट्या मार्सेल बंदराला जायच्या. निवडक मालावर इटालियनमध्ये शिक्का असायचा, 'मार्सेलच्या वापरासाठी'. त्यातला 'वापर' म्हणजे उझो. मग अव्वल मालालाच लोक उझो म्हणायला लागले, असं सांगतात. काही जण म्हणतात, शब्द तुर्की आहे."

चंद्रप्पा खुलले. "आमचं बी तेच की! आमच्या पोत्यावर बेलपानाचा शिक्का. उमरीत बाया तूरडाळ मागतच न्हाईत, बेलपान द्या म्हणतात!"

सुटलो, असं श्रीशैलला वाटलं.

"शिक्का कळला. आता माल दाखवा. पोत्यात परखी खुपसून दाणा बघितल्याबिगर आमी भाव बोलत न्हाई."

"पोटाचा अर्क हाय की," साखराबाई कौतुकाने म्हणाल्या. "जेवल्यावर दोन चमचे."

आईने सुटायला दार उघडून दिलं होतं. पण चहा घेऊन आलेली मंजुश्री समोर उभी होती, आणि तिच्यादेखत त्याला खोटं बोलवेना.

"दारू आहे. मित्रासाठी आणलेली. मीही चाखलीय, सवय नाही."

साखराबाईंनी आधी पदराने बाटलीवरची विभूती पुसली, मग कपाळावर हात मारला.

चंद्रप्पांनी बाटली उचलून श्रीशैलच्या हातात दिली. "हा माल वापस. पोरगा ठिवून घेतो. खडे लपवणारे लई बघितले. आपल्या पोत्यातला खडा आपणच दाखवणारा आजच बघून राहिलो."

लग्नात भर मांडवात जंगमस्वामींनी विचारलं, "चंद्रप्पा, जावई कसा?"

"एकदम उझो!" चंद्रप्पा गरजले.

स्वामींना शब्द फार आवडला. परवा त्यांचा फोन आला, मठात प्रसादाला डाळ हवी होती. "साधी नको, चंद्रप्पा. उझोच पाठवा."