माहितीदात्री ४

स्क्रीनवर विशाखाचं नाव असं दिसत होतं: विशाखा माहितीदात्री ४ हिवराळे.

बद्रीनाथने आधी चष्मा पुसला, मग पुन्हा पाहिलं आणि मग स्वतःवरच खदखदून हसला. विद्यापीठाच्या गेटसमोरच्या आपल्या टपरीवजा दुकानात त्याने आजवर अर्ध्या मराठवाड्याचे प्रबंध टाईप केले होते. कुणाचा मजकूर उलटा छापला गेला होता, कुणाचा गाईड बदलला होता, पण खुद्द लेखिकेचाच नंबर लागल्याचं त्याने प्रथमच पाहिलं. विशाखाही हसली. मग तिचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

घोळ झाला होता तो साधा. सकाळी परिषदेच्या संयोजकांचा मेल आला होता. शोधनिबंध स्वीकारला आहे, पण ज्या बायकांच्या मुलाखती घेतल्या त्यांची नावं काढून क्रमांक घाला, निबंध आमच्या साच्यात बसवा आणि आज पाचच्या आत पाठवा. बद्रीनाथने एकेक नाव घेऊन ते सगळीकडे एकदम बदलायचा हुकूम कॉम्प्युटरला सोडला. चौथं नाव वच्छलाबाई. कॉम्प्युटर बिचारा सांगकाम्या. मुलाखतीतली वच्छलाबाई बदलता बदलता त्याने वरची, लेखिकेच्या नावातलीही बदलून टाकली. कारण विशाखा मधे बापाचं नाव न लावता आईचं लावायची. बाप कडूबा ती चौथीत असतानाच गेला होता, आणि तिला शिकवलं ते आईने. निबंधातली चौथी बाई म्हणजे तीच आई.

बद्रीनाथने चूक दुरुस्त केली, हात जोडून माफीही मागितली. पण विशाखाच्या डोळ्यांसमोरून ती ओळ हलेना.

निबंध होता करमाडच्या बायकांवर. तिकडे कारखाने आले तेव्हा ज्यांचं शेत गेलं त्यांची नावं सरकारी कागदावर लागली, चावडीवर वाचून दाखवली गेली. ज्या बायकांची त्या शेतातली खुरपणी आणि वेचणी गेली, त्यांची नावं कुठेच लागली नाहीत. शेत त्यांचं नव्हतंच, मग गेलं तरी काय, असा सगळ्यांचा हिशेब. विशाखाने त्या बायकांना बोलतं केलं. वच्छलाबाईने सांगितलं होतं की मुकादम सकाळी बांधावर हजेरी घ्यायचा ती नवऱ्याच्या आडनावाने. "हिवराळ्याची?" असं तो विचारायचा. मग हिने उभं राहून "हाय" म्हणायचं आणि तो पुढचं नाव घेईस्तोवर उभंच राहायचं. आधी बसलं तर दिवस मांडला जायचा नाही. आता ती त्याच मातीवर उभ्या राहिलेल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते. तिथे तिला मावशी म्हणतात. तिथल्या सगळ्याच बायका मावशी.

मुलाखत संपवून विशाखाने मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बंद केलं तेव्हा वच्छलाबाई म्हणाली होती, "नाव घाल बरं का. निस्तं एक बाई म्हणू नको." बाकीच्या बायकांनीही तेच बजावलं होतं. विशाखाने सगळ्यांना हो म्हटलं. तेव्हा तिला वाटलं, यात काय अवघड आहे?

तिने बाहेर येऊन गाईड सरांना फोन लावला. सर चिडले नाहीत, उलट समजावून सांगत राहिले. एका बाईने ठेकेदाराविषयी जे सांगितलंय ते नावानिशी छापलं तर दुसऱ्या दिवशी तिचं काम जाईल. एकीचं लपवायचं आणि बाकीच्यांचं उघडं ठेवायचं, तर लपवलेली कोण ते गावात शेंबडं पोरही ओळखेल. विशाखाला ते पटलं. आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं, कारण आता राग काढायचा तरी कुणावर?

मग तिने आईला फोन केला. फोन बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे भांड्यांचा खडखडाट चालला होता.

"माय, पेपरात नावं घालता येत नाय. नंबर घाला म्हणतेत."

"कुणाचीच नाय?"

"कुणाचीच नाय."

"मंग माझा नंबर कितवा?"

"चौथा."

पलीकडे नळ बंद झाल्यासारखा वाटला. "ऱ्हाऊ दे मंग," वच्छलाबाई म्हणाली. "आपलं नाव तसंबी कुठं व्हतं?"

तिच्या आवाजात रुसवा नव्हता. तिने लगेच विशाखा जेवली का विचारलं, उन्हात फिरू नको म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. विशाखा गेटपाशी उभ्या उभ्या रडली, कुणी विद्यार्थी बघू नये म्हणून तोंड फिरवून.

दुकानात परत आली तर बद्रीनाथ निम्म्या वाटेवर पोचला होता. समास नीट झाले होते, तक्ते पानाबाहेर लोंबत होते ते आत ओढले होते, संदर्भयादी अक्षरक्रमाने लागली होती. "माहितीदात्री ४ंनी" असे नंबराला विभक्तीचे झुपके लोंबत होते, तेही त्याने एकेक करून उपटले. मग तो वर लेखिकेच्या नावाशी आला. साचा सांगत होता: आडनाव पूर्ण, बाकी सगळी आद्याक्षरं. त्याने टाईप केलं: हिवराळे, वि. व.

विशाखा त्या शेवटच्या अक्षराकडे बघत राहिली. नंबराखाली आई गेली होतीच. वर तिची जी एवढीशी जागा उरली होती, तिचाही आता ठिपका झाला होता. पूर्ण नाव चालेल का, असं तिने संयोजकांना फोन करून विचारलं. ते गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, एकाला सूट दिली तर सगळेच मागतील, पुस्तक एका साच्यातच निघायला हवं.

बद्रीनाथने चहा मागवला. ती प्यायली. कप खाली ठेवून म्हणाली, "बद्रीभाऊ, आडनाव काढा."

"काढून तिथं काय घालू?"

"वच्छलाबाई. आणि पुढं नुसतं वि."

बद्रीनाथचा हात माऊसवरच थांबला. माणूस भला, शिवाय असल्या गोष्टींत पोळलेला. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "मॅडम, गलत समजू नका. तुमची परमनंटची मुलाखत तोंडावर आली. बाकीचे पेपर सगळे हिवराळे नावावर हायेत. छाननीत नाव जुळलं नाय की पेपर उडवतेत. मी बघितलंय. तुमचा हाच तर सगळ्यात वजनाचा पेपर हाय."

तिला ते ठाऊक नव्हतं असं नाही. तासिकेवर शिकवून शिकवून तिच्या चपला झिजल्या होत्या. दर जूनला कॉलेजने पुन्हा बोलावलं तर नोकरी, नाहीतर घरी. वच्छलाबाईला त्या कँटीनमधून बाहेर काढायचं तर ही एकच वाट होती, आणि त्या वाटेवर हा निबंध म्हणजे मोठा आधार. म्हणजे आईच्या नावासाठी आईचाच विसावा पणाला लावायचा? अवघड जागेचं दुखणं म्हणतात ते हेच.

पण मग तिला संदर्भयादी दिसली. तिथे सगळी माणसं आडनावानेच उभी होती. उद्या कुणी तिचा निबंध वापरला तर त्याला लिहावं लागेल की वच्छलाबाई यांनी असं दाखवून दिलं आहे. नियमाला धक्का नाही, कुणाचं गुपित उघडं नाही. क्रमांक चार कोण, ते कुणालाच कळणार नाही. फक्त ज्या बाईला नवऱ्याचं आडनाव हीच ओळख होती, ती आडनावाच्या जागेवर जाऊन बसेल.

"घाला," ती म्हणाली.

बद्रीनाथने आडनाव पुसलं. वच्छलाबाई, वि. असं टाईप केलं, दोनदा वाचून घेतलं आणि पाचच्या आत पाठवून दिलं.

पुढे त्याचंच खरं झालं. छाननीत तो निबंध धरला नाही आणि त्या वर्षी ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. पण परिषद त्याच्या आधी झाली, आणि सांगण्यासारखं आहे ते तिथलं.

परिषद क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात होती. वच्छलाबाईने कँटीनमधून सुट्टी घेतली आणि करमाडहून एसटीने आली. चौदा एप्रिलला नेसायची ती पांढरी साडी नेसली होती. लेकीने पुढे बसायला किती सांगितलं तरी ऐकेना. दाराजवळच्या शेवटच्या रांगेत, उठून जायला सोपं पडेल अशी बसली. नावाचं काय केलंय, ते विशाखाने तिला सांगितलं नव्हतं. छापील पुस्तक हातात देऊन मगच सांगायचं, असा तिचा बेत होता.

सूत्रसंचालन करणारा प्राध्यापक हातातल्या यादीवरून नावं घेत होता. विशाखाची पाळी आली तेव्हा तो जरा अडखळला. आडनावाची जागा आणि पुढचं एक अक्षर त्याने खालीवर पाहिलं आणि जे पूर्ण होतं तेवढंच माईकवर वाचलं.

"यानंतर, वच्छलाबाई."

विशाखा पहिल्या रांगेत कागद गोळा करत होती.

"हाय," मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. शेवटच्या रांगेत वच्छलाबाई उभी होती. पदर सारखा केलेला, हात सरळ खाली. कुणी हसलं नाही. विशाखा मंचावर गेली, माईकपाशी उभी राहिली आणि आईने बसावं म्हणून थांबली. वच्छलाबाई बसली नाही. पुढचं नाव घेईस्तोवर बसायचं नसतं, ही तिची जुनी सवय. आणि पुढचं नाव कुणी घेत नव्हतं.